बेलने .275 ने हत्ती मारले म्हणून दुनळी फालतू?

रानवाट: काल कोणीतरी लिहिलं की कारामोजो बेल या हस्तिदंताच्या शिकाऱ्याने .275 रिग्बी या लहान गोळीच्या बोल्ट रायफलने (दर बारानंतर दांडा ओढून काडतूस बदलायची) शेकडो हत्ती मारले, म्हणजे .577 आणि .600 नायट्रो एक्स्प्रेस या जाड गोळीच्या दुनळी रायफली नुसत्या श्रीमंतांच्या मिरवायच्या वस्तू. डोकंच फिरलं वाचून. अरे बेलने हत्तीची कवटी करवतीने चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते बघितलं होतं, नेम असा की उडता पक्षी रायफलने पाडायचा, आणि युगांडातल्या त्या कोरड्या मोकळ्या मुलखात हवा तो कोन मिळेपर्यंत थांबता यायचं. दाट झुडपात दहा पावलांवर जखमी म्हैस उलटली तर कोन कुठला बघताय? तिथे दुनळीच पाहिजे, दोन नळ्या दोन चाप, दुसरा बार लगेच.

बोल्टवाला: मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. 173 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) लांब सॉलिड, न पसरणारी गोळी हाडातून सरळ जाते, मेंदूपर्यंत पोचली की संपलं. 900 ग्रेनची .600 जागा चुकली तर हत्ती पळणारच. आणि ज्या .470 दुनळीचं एवढं कौतुक करता ती आली कशी? इंग्रजांनी 1907 च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .450 बंद केली म्हणून बंदूकवाल्यांना .465, .470 काढाव्या लागल्या. नेटिवाच्या हाती दारूगोळा नको! ती वृत्ती अजून गेली नाही. आमची लायसनची बारा बोअर निवडणुकीला ठाण्यात जमा केली, परत आली तर दस्ता चिरलेला, नळीत गंज. वडिलांची बंदूक होती हो ती.

नगरी: दस्त्याचं वाईट वाटलं. पण .450 नायट्रो मार्टिनी-हेन्रीत, म्हणजे सैन्याच्या जुन्या रायफलीत, बसतच नव्हती, मग भीती कसली?

बोल्टवाला: काडतूस बसत नव्हतं, पण गोळ्या उपसून मार्टिनीच्या काडतुसात भरता आल्या असत्या, भीती त्याची. 1878 चा शस्त्र कायदा वाचा आणि मग बोला.

नगरी: वाचलाय. आवाज खाली.

रानवाट: निवडणूक बाजूला ठेवा. मी टांझानियात अरुशाला चार वर्षं नोकरीला होतो, तिथल्या एका म्हाताऱ्या माग काढणाऱ्याच्या मांडीवर म्हशीच्या शिंगाची खूण बघितलीय. साहेबाची पहिली गोळी चुकीच्या जागी लागली आणि बोल्ट अडकला. आफ्रिकेच्या उन्हात कॉर्डाइट (काडतुसातली दारू) तापलं की दाब वाढतो, केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, फुगते आणि बाहेर येत नाही. म्हणून तर दुनळीच्या काडतुसांच्या केस एवढ्या लांब ठेवल्या, दाब कमी राहावा म्हणून.

माईसाहेब: माग काढणारा सगळ्यात पुढे, दुसरी रायफल मागच्याच्या खांद्यावर, हस्तिदंत डोक्यावर घेऊन चालणारे तिसरेच. आणि नाव फक्त साहेबाचं. शिंग मात्र त्या म्हाताऱ्याला लागलं.

बोल्टवाला: माईंचं बरोबर आहे, त्यावर बोलायला तोंड नाही. पण रानवाट, दाबाचं उत्तर बोल्टवाल्यांनीही काढलं की. 1911 ची .416 रिग्बी, केस मुद्दाम मोठी, बसवली कशात? माउझरच्या बोल्टमध्ये.

रानवाट: हो, बोल्टच आहे, मान्य. पण गोळी 410 ग्रेनची आहे, 173 ची नाही.