हरिपूरच्या पुढं कडब्याखाली एक जुनी गाडी सापडलीय. ओळखा, आणि घ्यायची कशी तेही सांगा

मोटर_भरणारा, सांगली:

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत माझं मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळायचं दुकान आहे. गाडीतलं मला तांब्याच्या तारेपुरतंच कळतं, म्हणून इथं विचारतोय.

गेल्या गुरुवारी हरिपूरच्या पुढं एका मळ्यात पाच एचपीची मोटर जळाली म्हणून बोलावणं आलं. मोटर वर काढायला पोरं यायची होती, तेवढ्यात पावसाची सर आली. गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो आणि कडब्याच्या गंजीला हात टेकला, तर आत काहीतरी गार लागलं. पत्रा, तोही गोल. चार पेंढ्या बाजूला केल्या, तर मागच्या दिव्याचं भोक दिसलं. काच नव्हती, आत गांधीलमाशीचं घर होतं. आणखी दहा पेंढ्या काढल्यावर अख्खी गाडीच निघाली. मागच्या सीटवर कोंबडी बसलेली. ती हलली नाही, मीही तिला हलवलं नाही.

आता खुणा. पुढचं दार उलटं उघडतं. म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला आणि दाराचं तोंड इंजिनाकडं. गिअरचा दांडा खाली नाही, स्टेअरिंगला आहे. अंग सगळं गोल, मागं पंख-बिंख काही नाही. बॉनेटवरचं नाव गेलंय, तिथं दोन भोकं राहिलीत. नंबरपाटीवर पुढची दोन अक्षरं ‘बीएम’ अशी लागतात, पुढचं खरवडून गेलंय. टेप खिशात असतोच. बंपर ते बंपर बारा फूट चार इंच, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सात फूट आठ इंच.

माझ्याबरोबरचा पोरगा हे बघून ओरडला, “मालक, डुक्कर हाय की ही!” नेमक्या त्याच वेळी मळ्याच्या मालकीण काकू चहा घेऊन आल्या.

“कुणाला डुक्कर म्हणतोयस रं?”

मी म्हटलं, काकू, गाडीचं नावच आहे तसं. लोक तसंच म्हणतात.

“असलं कसलं नाव? आमच्या ह्यांनी दसऱ्याला हिला हार घातल्याबिगर पाण्याचा घोट घेतला न्हाई कधी.”

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी काय केलं, तर त्याच दमात विचारलं, “विकणार का?” काकू म्हणाल्या, भंगारवाला बावीस हजार देत होता, त्याला दिली नाही, तुला कशी देऊ. चहा मात्र दिला. कमी साखरेचा.

मालक जाऊन सहा वर्षं झाली. धाकटा मुलगा पुण्याला असतो, त्याला त्या शेडच्या जागी मुक्त गोठा बांधायचाय, म्हणजे गाडी नको आहे. थोरला घरीच असतो, तो काही बोलत नाही. मला रात्री झोप नाही. ही नक्की कुठली गाडी, किती द्यावेत, आणि आता त्या घरात कुठल्या तोंडानं जाऊ?

बेदाणा_शेड, तासगाव:

लँडमास्टर असणार. आमच्या काकांकडं होती, तीही अशीच गोल होती. तीस हजार रोख घेऊन टेंपोसकट जा. नोटा दिसल्या की माणूस मऊ होतो.

जुना_गॅरेजवाला, मिरज:

लँडमास्टर नाही. ती चौदा फुटांच्या घरात जाते आणि तिची दारं सरळ उघडतात. तुम्ही टेप लावलात हे बरं केलंत. फोटो टाकून ‘ओळखा पाहू’ म्हणणारे खूप येतात, मापं देणारा पहिल्यांदा बघितला.

ही फियाट 1100-103. इटलीत 1953 ला आली आणि आपल्याकडं 1954 पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघायला लागली. कागदोपत्री नाव मिलेचेंतो, म्हणजे इटालियनमध्ये अकराशे. आपल्या लोकांनी तोंड आणि पाठ बघून डुक्कर म्हटलं, तेच टिकलं. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट ही सगळी त्याच घराण्यातली. 1964 ची डिलाइट आली तेव्हा अंगाला कोपरे आले, आणि तीच पुढं 1974 ला पद्मिनी झाली. उलटं दार आणि गोल पाठ म्हणजे तुमची डिलाइटच्या आधीची, यात वाद नाही. बॉनेट उघडून आतल्या भिंतीवरची पाटी घासा, नंबराजवळ 103 सापडतोय का बघा.

तुमच्या दुकानाच्या जवळच वालचंद कॉलेज आहे. ज्यांचं नाव त्याला आहे त्या वालचंद हिराचंदांनीच प्रीमियर काढली. ते 1953 ला गेले, ही गाडी रस्त्यावर आलेली त्यांनी पाहिली नाही.

इंजिन 1089 सीसीचं, बोअर 68, स्ट्रोक 75. पद्मिनीचंही तेवढंच, त्यामुळं आतलं बरंचसं सामान जुळवता येतं. अवघड असतं ते बाहेरचं: जाळी, दिव्याच्या काचा, क्रोमच्या पट्ट्या, दाराची कुलपं. त्यातलं जे जागेवर आहे ते मोजा, किंमत त्यावर ठरवा. डायनामो जळाला असेल तर तुम्हीच भराल, तेवढी मजुरी वाचली.

पण त्याआधी एक विचारतो, आणि ते न विचारता सांगलीत कुणी जुनी गाडी घेऊ नये. पाणी किती चढलं होतं? 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं होतं आणि तुम्ही सांगताय हरिपूरच्या पुढं, म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमाच्या तोंडावर. या गाडीला वेगळी चेसिस नसते, खालचा पत्रा हीच तिची हाडं. दाराखालच्या पोकळ पट्टीत गाळ बसला की तो वर्षानुवर्षं ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. वरून रंग शाबूत दिसतो. मागची सीट उचला, पायाखालचं मॅटिंग काढा, दाराखाली स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आणि इंजिनाला सेल्फ मारू नका. प्लग काढून चारी भोकांत थोडं तेल सोडा, आठ दिवस तसंच राहू द्या, मग टॉप गिअरला टाकून गाडी पुढं-मागं ढकला. फिरलं तर फिरलं. जबरदस्ती केलीत तर पिस्टनच्या रिंगा तुटतील.

साताऱ्याची_लेक:

गाडीतलं काका सांगतायत ते ठीकच. मी कागदांचं सांगते, कारण आमच्या घरासमोर एक अँबॅसिडर चार वर्षं उभी आहे. बाबांनी वाईहून आणली, शंभराच्या स्टॅम्पवर, एका भावाची सही घेऊन. दुसरा भाऊ नंतर उगवला. गाडी ना आमची, ना त्यांची. पावसाळ्यात मांजरं तिच्याखाली पिल्लं घालतात.

मालक वारलेत, म्हणजे आधी गाडी वारसाच्या नावावर चढली पाहिजे. त्याला फॉर्म 31. त्यानंतर विक्रीचे 29 आणि 30, ज्यांना एजंट टीटी फॉर्म म्हणतो. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, आणि काकू, दोन्ही मुलं, मुलगी असेल तर मुलगी, सगळ्यांचं लेखी ना हरकत. मुलीला लोक हटकून विसरतात. गाडीचं आरसी बुक हरवलं असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग 26 नंबरचा फॉर्म. एवढी जुनी नोंद कॉम्प्युटरवर सापडली नाही तर घाबरू नका. आरटीओच्या जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून घ्यावी लागते. मात्र नोंदणी रद्द झालेली नाही ना, हे पैसे द्यायच्या आधी बघा.

गाडी पन्नास वर्षांच्या वरची आहे, म्हणजे 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवता येईल. नंबरात व्हीए अक्षरं येतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. रोज दुकानाला न्यायची असेल तर तो रस्ता तुमचा नाही. मग नेहमीचं फिटनेस आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण.

आणि नोटा दाखवून माणूस मऊ होतो म्हणणाऱ्या तासगावकरांना: काकूंनी बावीस हजार परत पाठवलेत. वाचता ना?

मोटर_भरणारा, सांगली:

रविवारी जाऊन आलो. एकटाच. पोराला दुकानात ठेवला.

भरलेली मोटर द्यायचीच होती, ती उतरवली आणि आधी काकूंना म्हटलं, त्या दिवशी चुकलं. त्या म्हणाल्या, “काय नाव म्हणलास तिचं खरं?” मी मिलेचेंतो सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. “ह्ये बरं हाय,” म्हणाल्या, पण जिभेवर बसेना, मग गाडीच म्हणू लागल्या.

गॅरेजवाल्या काकांचं पाण्याचं बरोबर निघालं. शेडच्या भिंतीवर माझ्या छातीएवढी रेघ आहे, मला गुरुवारी दिसलीच नव्हती. गाडी दोन फुटांच्या जोत्यावर आहे, ते जोतं मालकांनी 2005 च्या पुरानंतर गाडीसाठी म्हणून बांधलेलं. तरी 2019 ला पाणी सीटपर्यंत आलं. थोरला तेव्हा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, जनावरं सोडली, माणसं नावेतनं नेली, गाडी कशी सोडणार? वडील दुसऱ्या दिवसापासून विचारत होते, दिसते का, दिसते का. पाणी ओसरल्यावर त्यांनी ती स्वतः धुतली, आणि त्याच दिवाळीनंतर गेले.

डावीकडच्या दाराखाली स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. उजवीकडं वाजतो, म्हणजे पत्रा आहे. पायाखालचा पत्रा डावीकडं नाहीच, कडबा दिसतो. इंजिनाच्या तेलाचा बोल्ट सैल केला, तर आधी अर्धा मगभर पाणी आलं, नंतर काळं तेल. प्लग चारांपैकी तीन निघाले, चौथ्याला हात लावला नाही. तेल सोडून आलोय. जाळी जागेवर आहे. पुढच्या दोन्ही काचा आहेत. पाटी घासली, 103 आहे, आणि कुर्लाही वाचता येतं.

बुक सापडलं. माळ्यावरच्या बिस्किटाच्या डब्यात होतं, म्हणून वाचलं. त्यावर शिक्का आहे ‘साऊथ सातारा’. मला वाटलं, गाडी साताऱ्याहून आणलेली दिसते.

साताऱ्याची_लेक:

अहो, साऊथ सातारा म्हणजे तुमचाच जिल्हा! 1949 ला साताऱ्यातनं दक्षिण सातारा वेगळा काढला, 1960 ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे नोंद त्याच्या आधीची, पाटीवरच्या ‘बीएम’शीही ते जुळतं, मुंबई राज्याच्या वेळचं. थोडक्यात गाडी मूळची आमची आहे, कधी परत करताय?

मुलगी आहे का त्या घरात?

जुना_गॅरेजवाला, मिरज:

डावी बाजू नवीन करावी लागणार, ते काम पत्र्याच्या चांगल्या कारागिराचं. घाईत इंजिनावर पैसे घालू नका. आधी हाडं, मग काळीज. पाणी निघालंय म्हणजे इंजिन खोलावंच लागेल, चालू करून बघायचा मोह टाळा. मी असतो तर चाळीसच्या आसपास थांबलो असतो.

मोटर_भरणारा, सांगली:

मुलगी आहे, कोल्हापूरला असते. तिला थोरल्यानं माझ्यासमोर फोन लावला. ती म्हणाली, सही करते, पण हॉर्नचं बटण मला पाहिजे. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून वाजवायची. बटण काढून ठेवलंय. धाकट्याचं फोनवर हो आहे, कागदावर घेणार.

पंचेचाळीस ठरले. काका, पाच जास्त गेले, माहीत आहे. इसार म्हणून एक हजार एक दिले. ताई, रागावू नका, उरलेले सगळ्या सह्या झाल्यावरच देणार आहे.

आता खरी अडचण. मी म्हटलं, ट्रॅक्टर लावून टोचन करून रस्त्यापर्यंत घेतो, तिथं टेंपो उभा करतो. काकू उठून उभ्या राहिल्या. “वढत न्यायची न्हाई. मेलेलं जनावर वढत न्हेत्यात.” गाडी चाकांवर चालत, माणसांनी ढकलून अंगणाबाहेर जाणार, नाहीतर व्यवहार नाही. थोरल्यानं मान डोलावली, म्हणजे हे पक्कं.

चारीपैकी दोन टायर रिमवरून गळालेत, एकाची रिमच खाल्लीय. मागची दोन्ही चाकं ब्रेकच्या ड्रमला धरून बसलीत, फिरत नाहीत. अंगण दगडी आहे, रस्त्यापर्यंत दीडशे पावलं.

तर सांगली-मिरजेत कुणाकडं पद्मिनीची चौदा इंची चाकं, टायरसकट, दोन दिवसांसाठी मिळतील का? बसतात की नाही ते काका सांगतीलच. आणि चिकटलेले ड्रम हातोडी न मारता कसे सोडवायचे? पुढच्या रविवारी ढकलायला सात-आठ माणसं लागतील. जेवण काकूंकडं आहे, त्यांनीच सांगितलंय. डुक्कर शब्द तेवढा कुणी काढू नका.