‘सोशल प्रोग्रॅम्स’ला मराठीत काय म्हणायचं?

यंत्रमाग : मुलीच्या कॉलेजात वादविवाद आहे. विषय इंग्रजीत आलाय. मी मराठी केलं, ‘लष्करी खर्चाला सामाजिक कार्यक्रमांपेक्षा प्राधान्य द्यावे का?’ शेजारच्या काकांनी विचारलं, सामाजिक कार्यक्रम म्हणजे रक्तदान शिबिर, वह्यावाटप का? दुसरा शब्द सुचवा.

ज्वारी : समाजकल्याण.

यंत्रमाग : ते खात्याचं नाव झालंय. ऐकलं की वसतिगृह नि शिष्यवृत्तीच आठवते. रेशन, रोजगार हमी त्यात कुणी धरत नाही.

तळ्याकाठी : ‘लोककल्याण’ घ्या. आणि ‘लष्करी’ काढून ‘संरक्षण खर्च’ करा. लष्कर फारसी आहे, शिवाय नौदल, हवाई दल त्यात येत नाही.

कडकभाकरी : फारसी काढायचं तर ‘खर्च’ही जाईल! आणि ‘संरक्षण’ लिहिलं की निम्मा वाद तिथंच मिटतो. संरक्षण नको, असं कोण म्हणेल? १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला, १२ जानेवारी १९३१ला स्वातंत्र्यलढ्यातले आपले चौघं येरवड्यात फासावर गेले. त्या लष्कराला माझी पणजी ‘संरक्षण’ म्हणाली नसती.

माजी हवालदार : ते लष्कर इंग्रजांचं होतं. मी सतरा वर्षं नोकरी केली, मला ‘संरक्षण’च बरोबर वाटतं. पण एक सांगा. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी आहेत, त्यातले १ लाख ६० हजार कोटी नुसत्या पेन्शनचे. माझ्या पेन्शनीत घरची औषधं येतात. हा खर्च लष्करी की सामाजिक?

ज्वारी : माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. तिला मिळतात ते ‘निराधारचे पैसे’, तुमची ती ‘पेन्शन’. दोन्ही सरकारच्याच तिजोरीतून. आई ते पैसे आणायला जाताना शेजारणीला सांगतसुद्धा नाही. शब्दानं माणूस एवढं खाली बघतं.

तळ्याकाठी : दुःख खरं आहे, पण प्रश्न शब्दाचा आहे. ‘कल्याणकारी योजना’ रुळलेला शब्द आहे.

कडकभाकरी : पुस्तकात रुळलाय. बहात्तरच्या कामाला आमच्या गावात आजही ‘दुष्काळी काम’च म्हणतात. खडी फोडून मिळवलेल्या मजुरीत कल्याण कसलं? आजी सांगायची, फौज गावावरून गेली की भाकऱ्या गावानंच द्यायच्या, ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ तिथून आलं.

माजी हवालदार : आमच्याकडे ‘भाजणं’ नाही, ‘थापणं’ म्हणतात.

ज्वारी : भाजणंच! थापून चुलीवर टाकल्याशिवाय भाकरी होते का?

यंत्रमाग : विषय उद्या द्यायचाय हो.

माजी हवालदार : थापणंच. बायकोलाही विचारलं आत्ता.