वांगणीजवळ उल्हास नदीकाठी घर आहे, पावसाळ्याची तयारी काय करू?

नदीकाठचा: आईबाबा गावी दोघंच असतात, मी ठाण्यात. २००५ च्या पुरात आणि २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली तेव्हाही आजूबाजूला पाणीच पाणी होतं. घर बैठं आहे, काय काय करून ठेवू?

कर्जतवाला: आधी एक लक्षात घ्या, तुमच्याकडे पाऊस नसला तरी खंडाळा-कर्जतला रात्रभर कोसळला की ते सगळं पाणी खाली तुमच्याकडेच येतं, म्हणून वरच्या भागात कोणीतरी ओळखीचं हवंच जे रात्री फोन करेल. आणि आईबाबांनी कोणाच्या पक्क्या, उंच घरात जायचं ते आत्ताच त्या लोकांशी बोलून ठरवा, पाणी चढल्यावर नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं.

मुरबाडची सून: सातबारा, आधार, पासबुक डबल प्लास्टिकमध्ये घालून माळ्यावर ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या जास्त, टॉर्च, पॉवर बँक, पिण्याचं पाणी. निघताना मेन स्विच आणि सिलिंडर बंद. गुरं असतील तर दावं सोडा हो, बांधलेली जनावरं बुडतात, फार वाईट वाटतं ते बघून.

कर्जतवाला: हो, आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरात लिहा. वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी अॅप त्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. पाणी ओसरल्यावर चिखलात अनवाणी अजिबात नाही, लेप्टो (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) होतो, ताप आला की लगेच डॉक्टर.

नदीकाठचा: शाळेजवळ मामांचं दुमजली घर आहे, आज रात्रीच फोन करतो त्यांना.