पायलट नाही, तर डिस्पॅचर? भाचीसाठी कॉलेज निवडायचंय

भाचीचा_मामा:
नमस्कार मंडळी. भाची यंदा शाळा संपवून कॉलेजात जाईल. लहानपणापासून एकच ध्यास, विमान. पायलटच्या मेडिकल तपासणीला गेली तर त्या रंगीत ठिपक्यांच्या पानांवरचे आकडे तिला दिसेनात. लाल-हिरव्यात गोंधळ होतो म्हणाले. दोन दिवस घरात कोणाशी बोलली नाही. आता तिनेच शोधून काढलंय की एव्हिएशन आणि फ्लाइट ऑपरेशन्स नावाच्या पदव्या असतात, त्यातून डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचं नियोजन करणारा, होता येतं. दोन कॉलेजांची माहितीपत्रकं आलीत. दोन्हींच्या मुखपृष्ठावर गणवेशातली हसरी मुलं, मागे विमान. आत 'उज्ज्वल भवितव्य' सोडून मला काही उमगलं नाही. माझा धंदा छपाईचा, त्यामुळे कागद चांगला आहे एवढं खात्रीने सांगू शकतो.
या पदवीला अर्थ आहे का? आणि कॉलेजवाल्यांना नेमकं काय विचारायचं?

उजवी_सीट:
उड्डाण शिकवतो, म्हणून फक्त डोळ्यांपुरतं बोलतो. ठिपक्यांची पानं म्हणजे इशिहारा चाचणी, ती चाळणी आहे. त्यात अडकलेल्यांसाठी पुढच्या, जास्त बारकाईच्या तपासण्या असतात आणि त्यात काही जण पास होतात. सगळे होत नाहीत. पण पहिल्याच चाळणीवर स्वप्न गुंडाळू नका, विमान वाहतुकीच्या मेडिकलचे अधिकृत डॉक्टर गाठा.

रात्रपाळी:
मामा, एकोणीस वर्षं डिस्पॅचला आहे, त्यातली निम्मी रात्रीची. जरा लांबण लावते.

पदवी वेगळी, परवाना वेगळा. पदवी विद्यापीठ देतं, परवाना देशाचं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण. माहितीपत्रकात हे दोन्ही एकाच वाक्यात गुंफलेलं असतं, तिथे बोट ठेवायचं आणि 'मान्यतेचं पत्र दाखवा' म्हणायचं. आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिच्या नियमांच्या परिशिष्ट १ मध्ये आमच्या कामाचं नाव फ्लाइट ऑपरेशन्स ऑफिसर. वय किमान २१. हवाई कायदा, हवामान, नॅव्हिगेशन, विमानाचा परफॉर्मन्स, माणसाच्या मर्यादा, अशा विषयांची परीक्षा. वैमानिकाला लागतं ते क्लास १ मेडिकल आयकाओने आमच्यासाठी ठेवलेलं नाही. कोणी 'मग एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) घाल' म्हणालं तर ऐकू नका घाईने. कंट्रोलरला क्लास ३ लागतं आणि तिथे रंगांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. देशागणिक नियमांत फरक असतो, तेवढा तुमच्या प्राधिकरणाकडून ताडून घ्या.

आता खरी मेख. परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत परवानाधारकाच्या हाताखाली किमान ९० दिवस काम केलेलं असावं लागतं. वर्गात नव्हे, खऱ्या डेस्कवर. 'हे नव्वद दिवस माझी भाची कुठे बसणार?' हा एकच प्रश्न विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

त्या नव्वद दिवसांची किंमत मला कशी कळली ते सांगते. माझा तेव्हा चाळिसावा वगैरे दिवस असेल. पहाटे तीनचं उड्डाण. जिथे उतरायचं तिथल्या अंदाजात धुकं, मधूनमधून दृश्यमानता ८०० मीटर. म्हणजे पर्यायी विमानतळ भरवशाचा हवा. मी जवळचाच धरला. त्याच्या नोटॅममध्ये, म्हणजे विमानांसाठीच्या सूचनापत्रात, लिहिलेलं की रनवे दुरुस्तीसाठी २००० ते ०१०० बंद. मी म्हटलं, एकला उघडतोय, आपलं विमान गेलंच तर पोचणार पाचला. झालं काम. सीनियरनी कागद बघितला, काही बोलले नाहीत. उठले, भिंतीवर दोन घड्याळं होती त्यातल्या यूटीसीच्या, म्हणजे जगभर एकच धरलेल्या आणि आपल्याहून काही तास मागे असलेल्या वेळेच्या, घड्याळाच्या काचेवर पेन्सिल टकटकवली आणि परत येऊन बसले. नोटॅममधली वेळ कायम यूटीसी! आमच्या पाचला तिथे रनवेवर यंत्रं उभी असणार होती. 'वेळ यूटीसीत असते' हे मी परीक्षेत बरोबर लिहून आलेले, पूर्ण मार्क.

मग दुसरा पर्यायी विमानतळ, चाळीस मिनिटं लांब. इंधन साधारण १,६०० किलो जास्त. विमान आधीच टेकऑफच्या कमाल वजनाला टेकलेलं, त्यामुळे तेवढाच माल खाली उतरवायचा. शिवाय जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, म्हणून पुन्हा सगळी बेरीज. मालवाले मला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

या बेरजेसाठीच म्हणते, कॉलेजात फ्लाइट प्लॅन हाताने करून घेतात का ते बघा. टॅक्सीचं इंधन, प्रवासाचं, अडीअडचणीसाठी साधारण प्रवासाच्या ५ टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि सगळ्यात शेवटी जेटसाठी १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं राखीव, ज्याला नियोजनात हात लावायचा नसतो. सॉफ्टवेअर हे दोन सेकंदांत काढतं. चुकीचा आकडा भरला तरी दोनच सेकंदांत काढतं.

भाचीला एक गणित घाला. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, उड्डाण १४३. हवं होतं २२,३०० किलो इंधन, टाकीत होतं ७,६८२ लिटर. कागदावर घनता १.७७. किती लिटर भरायचं? उत्तर सांगू नका तिला. तुमच्यासाठी सांगते: १.७७ हा आकडा लिटरमागे पाउंडांचा होता, किलोत तो ०.८ च्या आसपास. भरायला हवं होतं वीस हजार लिटर, भरलं पाच हजाराच्या आत. ४१,००० फुटांवर असताना इंधनाचे इशारे वाजायला लागले, दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि वैमानिकांनी ते अवजड विमान तरंगत तरंगत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ जण होते, सगळे वाचले. गुणाकार, भागाकार सगळं बरोबर होतं.

आणि हो, शिकवणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष डेस्कवर बसलेलं कोण आहे ते विचारा. सिम्युलेटरची खोली दाखवतील, बघून घ्या, पण तिच्यावर भाळू नका.

धावपट्टी_२७:
ताई, सगळं पटलं, पण मग पदवी कशाला? अमेरिकेत मान्यताप्राप्त डिस्पॅचर कोर्स किमान २०० तासांचा असतो, काही आठवड्यांत उरकतो. चार वर्षं घालवायची कशासाठी?

रात्रपाळी:
घाई असेल तर तोच रस्ता. मी स्वतः तसलाच कोर्स केला, पदवी नंतर नोकरी सांभाळून पूर्ण केली, आणि ते हाल कोणाला सुचवणार नाही. डेस्कवर बसायला पदवी अडत नाही. दहा वर्षांनी ऑपरेशन्स कंट्रोलची सूत्रं हातात घ्यायची वेळ आली की मग अर्जावरचा तो रकाना खुपतो. शिवाय शाळा सुटल्यासुटल्या कोर्स केला तरी परवान्यासाठी २१ वर्षं भरेपर्यंत थांबायचंच आहे (अमेरिकेत तर २३). ती वर्षं कॉलेजात गेली तर बिघडलं कुठे?

भाचीचा_मामा:
सगळ्यांचे आभार. दोन्ही कॉलेजांना फोन केला, नव्वद दिवसांचाच प्रश्न विचारला. एकीकडे म्हणाले, 'ते प्लेसमेंट सेल बघेल', आणि लगेच वसतिगृहाबद्दल सांगायला लागले. दुसरीकडे एक सर भेटले. ते म्हणाले, मागच्या बॅचची निम्मी मुलं डेस्कवर लागली, बाकीची अजून वाट बघताहेत. ऐकून बरं वाटलं नाही, पण माणूस खरं बोलला. गुरुवारी भाचीला हवामानाच्या तासाला बसू देणार आहेत.

गणित घातलं. पाच मिनिटांत ४,९१७ लिटर काढून मोकळी झाली, 'सोप्पं होतं' म्हणाली. मी गप्प बसलो. रात्री अकराला माझ्या खोलीचं दार वाजवलं. म्हणते, 'मामा, घनता १.७७ कशी असेल? विमानाचं इंधन म्हणजे रॉकेलच ना जवळपास? ते तर पाण्यावर तरंगतं.'

रात्रपाळी:
गुरुवारी तिला पुढच्या बाकावर बसवा. आणि त्याआधी उजवी_सीट म्हणतात ती डोळ्यांची पुढची तपासणी उरकून घ्या.