इटली, स्वित्झर्लंड, पॅरिस : रेल्वेची तिकिटे स्वतः काढण्याबाबत सल्ला हवा

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी, माझे पती, बारा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे जण रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, इंटरलाकेन आणि पॅरिस असा प्रवास सहल कंपनीशिवाय करणार आहोत. विमानाचे आणि हॉटेलचे जमले आहे. अडते ते रेल्वेपाशी. ओळखीच्या एका एजंटाने चौघांसाठी युरेल पास (युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेवर चालणारा एकच पास) घेऊन मोकळे व्हा, असे सुचवले आहे, पण त्याची किंमत पाहता तो खरोखर परवडतो का, याची शंका येते. शिवाय मे महिन्याची तारीख टाकली की संकेतस्थळावर गाड्याच दिसत नाहीत. व्हिसा हाती येण्याआधी तिकिटे काढावीत का, हेही कळत नाही. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे ऐनवेळी धावपळ नको आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा, सातारा

गाड्या दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. युरोपातील रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर बदलते आणि त्यापुढच्या तारखांचे आरक्षण टप्प्याटप्प्याने खुले होते. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२४ पासून बहुतेक गाड्यांना ६० दिवसांचा एकच नियम आहे, तसा तिथे नाही. प्रत्येक रेल्वे कंपनी आपापल्या सोयीने तारखा उघडते.

आता पासविषयी. युरेल पास असला तरी इटली आणि फ्रान्समधील वेगवान गाड्यांत आसनाच्या आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, हे पास सुचवणारे सहसा सांगत नाहीत. तुमच्या प्रवासात लांबचे टप्पे मोजकेच आहेत आणि तारखा ठरलेल्या आहेत. अशा वेळी सुटी तिकिटे लवकर काढणे हेच माझ्या मते शहाणपणाचे. रोम ते फ्लॉरेन्स हा जेमतेम दीड तासाचा प्रवास आहे. तेथे त्रेनितालिया आणि इतालो अशा दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच मार्गावर धावतात, त्यामुळे दोन्हींचे दर पाहूनच तिकीट घ्यावे. मात्र एकीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. विमानाप्रमाणेच स्वस्त तिकिटांचा कोटा संपत जातो तसा दर चढतो. वेटिंग लिस्ट नसते, चार्टही लागत नाही. तिकीट हाती आले की त्यावर 'कारोझ्झा' म्हणजे डबा आणि 'पोस्तो' म्हणजे आसन, हे दोन आकडे छापलेले असतात.

व्हिसाचे म्हणाल, तर शेंगेन व्हिसासाठी (इटली, स्वित्झर्लंड, फ्रान्स अशा देशांत चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. तो लवकर करावा आणि परतावा न मिळणारी तिकिटे व्हिसा हाती आल्यावरच काढावीत. त्याआधी काढायचीच झाली, तर त्रेनितालियाचे 'बेस' दराचे तिकीट घ्यावे. ते गाडी सुटण्यापूर्वी बदलता येते. 'सुपर इकॉनॉमी' स्वस्त असते, पण प्रवास रद्द झाला की पैसे गेलेच.

माहुलीकर

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. स्वित्झर्लंडची भर घालतो, कारण तेथील हिशेब निराळा आहे. देशांतर्गत साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही आणि आज गाडी चुकली तरी त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीत बसता येते. 'ग्लेशियर एक्सप्रेस'सारख्या पर्यटकांच्या गाड्यांना मात्र आसन आरक्षित करावेच लागते. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यावर गाड्या, बोटी आणि शहरांतील बस चालतात, पण युंगफ्राऊयोख या उंचावरील बर्फाळ ठिकाणाकडे जाणाऱ्या रेल्वेचा वरचा टप्पा त्यात येत नाही. तेथे केवळ २५ टक्के सवलत मिळते. तुमचा मुक्काम इंटरलाकेनलाच असून पुष्कळशा डोंगररांगांवर जायचे असेल, तर एक महिना चालणारे हाफ फेअर कार्डही हिशेबात धरा, कारण तेथे ५० टक्के सूट मिळते. पास घेणार असाल, तर मुलीसाठी मोफत मिळणारे स्विस फॅमिली कार्ड मागायला विसरू नका. आई किंवा वडील सोबत असल्यास ६ ते १५ वर्षांची मुले त्यावर विनातिकीट प्रवास करतात.

मिलानहून इंटरलाकेनला जाताना युरोसिटी या आंतरदेशीय गाडीने येऊन श्पीत्स स्थानकावर उतरून गाडी बदलावी लागते. पुढे पॅरिसला जाताना स्वित्झर्लंडमधील बाझेलहून टीजीव्ही ही फ्रान्सची वेगवान गाडी सुमारे ३ तासांत पोहोचते. तिचे तिकीट इटलीच्या तिकिटांसारखेच लवकर काढा आणि स्थानकावर वेळेत पोहोचा, कारण फ्रान्समध्ये गाडी सुटण्याच्या २ मिनिटे आधी दरवाजे बंद होतात.

कृष्णाकाठ, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. पासचा विचार आता फक्त स्वित्झर्लंडपुरता करू. आणखी दोन गोष्टी विचारते. व्हेनिसच्या नावाने दोन स्थानके दिसतात, त्यांतील कोणते निवडावे? आणि काल चाचणी म्हणून एक तिकीट काढू पाहिले, तर शेवटच्या पायरीवर बँकेच्या कार्डाने व्यवहार नाकारला.

अजिंक्यतारा, सातारा

'मेस्त्रे' हे मुख्य भूमीवरचे स्थानक आहे, तर 'सांता लुचिया' प्रत्यक्ष बेटावर, कालव्याच्या काठी आहे. हॉटेल जिकडे असेल तिकडचे घ्यावे. बेटावर राहणार असाल, तर सासूबाईंचा विचार करून हॉटेलपर्यंत किती पूल ओलांडावे लागतात, हे आधी नकाशावर पाहून घ्या. पुलांना पायऱ्या असतात आणि बॅगा स्वतःच उचलाव्या लागतात.

कार्डाचे कारण बहुधा साधे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात आणि मर्यादाही ठरवावी लागते. पैसे भरताना रुपयांत भरण्याचा पर्याय पुढे आला, तर तो टाळून युरोच निवडा, कारण रुपयांचा तो दर सहसा महाग पडतो. ओटीपी भारतातील क्रमांकावर येतो, म्हणून मोठी तिकिटे निघण्यापूर्वी घरूनच काढलेली बरी. इटलीतील लोकल गाड्यांची तिकिटे मात्र तेथे जाऊनच घ्यावीत. त्यांचे दर आधी काढले म्हणून उतरत नाहीत. कागदी तिकीट घेतल्यास गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरील छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.