तीन दिवसांनी वय हुकलं, पोरीला काय सांगू?

हळदपेठ_सांगली
नमस्कार. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. फुटबॉल मला कळायला लागला तो पोरीमुळं. ती लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडच्या बचावाला खेळते, रोज पहाटे आयर्विन पुलापर्यंत पळून येते.

17 ऑक्टोबर 2025 ला किर्गिझस्तानातल्या बिश्केकमध्ये, आशिया कपच्या पात्रता फेरीत, आपल्या सतरा वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला 2-1 नं हरवलं. पहिल्या हाफमध्ये गोल खाल्लेला. मग थांडामोनी बास्केनं बरोबरी केली, अनुष्का कुमारीनं दुसरा मारला. आम्ही बापलेक घरात ओरडत होतो. आणि पोरगी एकदम गप्प झाली. म्हणाली, "बाबा, ह्या संघात मी वयानंच बसत नाही." चीनमधल्या 2026 च्या आशिया कपला 1 जानेवारी 2009 नंतरचा जन्म लागतो, फार तर त्याच दिवशीचा. तिचा 29 डिसेंबर 2008 चा. तीन दिवस!

तेव्हापासून बूट गॅलरीत तसेच पडलेत, स्टडमधला चिखल वाळून गेलाय. एका ओळखीच्या गृहस्थानं सुचवलं, "दाखल्यावर तारीख सरकवून घ्या, कोण बघतंय." मला ते पटत नाही. पण पुढं वाट आहे का?

रंकाळा_कट्टा
दादा, तारखेला हात लावू नका. आजोबांच्या पिढीत गुरुजी शाळेत जन्मतारीख सरसकट 1 जून लिहायचे, ते दिवस गेले. फुटबॉल महासंघाच्या सीआरएस ह्या खेळाडू-नोंदणीत जन्मदाखला चढतो, पुढं पासपोर्टवर तीच तारीख लागते. मुलांच्या सतरा वर्षांखालच्या स्पर्धांत तर मनगटाचा एमआरआय काढतात, हाडांची टोकं पूर्ण जुळलेली दिसली की पोरगं बाद. मुलींची हाडं लवकर जुळतात, म्हणून त्यांना ती तपासणी लावत नाहीत. तिथं सगळी भिस्त कागदावर, आणि कागद खोटा निघाला तर पोरीचंच नाव जातं.

डावा_पाय
काका, माझाही जन्म वर्षाच्या शेवटचा, नोव्हेंबरचा, आता मुलींना शिकवते. डिसेंबरची पोर वयोगटात कायम सर्वांत लहान असते. तुमची लेक आजवर जानेवारी 2008 च्या मुलींशी भिडली, म्हणजे जवळजवळ वर्षानं मोठ्या. बाराव्या-तेराव्या वर्षी तो फरक उंचीत, धावण्यात, अंगाच्या ताकदीत सरळ दिसतो. त्यात टिकून ती लेफ्ट बॅकची जागा राखून आहे, हे तिला आधी सांगा.

आणि वाट आहे. वीस वर्षांखालच्या 2026 च्या आशिया कपला 1 जानेवारी 2006 पासूनचा जन्म चालतो, म्हणजे वयानं ती आजच बसते. 2025 च्या ऑगस्टमध्ये यांगूनला पात्रता फेरीत आपल्या वीस वर्षांखालच्या मुलींच्या संघानं इंडोनेशियाशी 0-0 बरोबरी केली, तुर्कमेनिस्तानला 7-0 नं आणि यजमान म्यानमारला 1-0 नं हरवलं. वीस वर्षांनी हा संघ मुख्य स्पर्धेत पोचला. पात्रता फेरीत चुकायला जागा नसते, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या बिश्केकच्या गटात तर तीनच संघ, दोनच सामने, पुढं एकटा पहिला. अशा वेळी न डगमगणारी बचावफळी लागते. जिल्हा निवड चाचणी चुकवू नका, राज्याच्या संघात जायचा रस्ता तिथूनच आहे.

हळदपेठ_सांगली
ताई, दोनदा वाचून दाखवलं. जानेवारीच्या मुलींचं ऐकून ती सातवीतल्या एका मॅचबद्दल बोलायला लागली, बऱ्याच दिवसांनी. दाखल्याचं त्या गृहस्थांना आजच नाही म्हणून कळवलं. आता ती विचारतेय, वीस वर्षांखालच्या संघात लेफ्ट बॅक कोण खेळते? मला सांगता येईना. नाव कळवा, तिला तिचे सामने बघायचेत.