बाथरूमचं काम केल्यापासून गॅस गीझर लावला की डोकं जड होतंय, गीझर बदलू का?

मुलुंडची_सून
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज. मुलुंड पूर्वेला जुनी बिल्डिंग आहे, आमचा दुसरा मजला, पाइप गॅस आहे आणि बाथरूममध्ये सहा लिटरचा गॅस गीझर, सात वर्षं झाली कधी कुरकुर नाही. गणपतीनंतर बाथरूमचं काम काढलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला दिवाळीआधी देतो आणि पहिल्या अंघोळीला आम्ही चौघं टॉवेल घेऊन समोरच्या काकूंकडे, ते असो. आता नवीन टाइल्स आहेत, वर पीव्हीसीचं फॉल्स सिलिंग, काचेच्या पट्ट्यांची जुनी खिडकी काढून तिथे पूर्ण बंद धुरकट काच आणि कोपऱ्यात छोटा एक्झॉस्ट फॅन. दिसायला एकदम हॉटेल.

पण सासूबाई अंघोळ करून आल्या की डोकं धरून बसतात, आधी वाटलं बीपी असेल, गोळी बदलून आणली. मग या रविवारी मुलगी केस धुवायला गेली, वीसेक मिनिटं झाली असतील, बाहेर आली ती दाराची चौकट धरून उभीच राहिली, म्हणाली आई पाय लटपटतायत, आणि तिथेच ओकली. गॅलरीत बसवली तर अर्ध्या तासात बरी. गॅसचा वास अजिबात नाही. कोविडमधला ऑक्सिमीटर पडला होता तो लावला तर 98. ज्योत आधी निळी असायची ती हल्ली पिवळट दिसते आणि गीझरच्या पत्र्यावर वरच्या अंगाला काळं धरलंय. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर ‘मॅडम गीझर पुराना हो गया, नया ले लो’. घ्यायचा तर कुठला घेऊ?

पाना_पक्कड
ताई नवीन गीझरचं नंतर बघू, आधी उठा आणि गीझरमागचा गॅसचा कॉक पाइपला आडवा करा. आत्ता. उद्यापासून अंघोळीचं पाणी शेगडीवर तापवा, इलेक्ट्रिक असेल तर उत्तम.

पिवळी ज्योत, काजळी, डोकं जड, ओकारी, बाहेर हवेत आलं की बरं, हे सगळं कार्बन मोनॉक्साइडचं लक्षण आहे, म्हणजे हवा कमी पडून गॅस अर्धवट जळला की होणारा विषारी वायू. वास येणारच नाही, आपल्याला गॅसचा म्हणून जो वास येतो तो कंपनीने मुद्दाम मिसळलेला असतो, लीक कळावा म्हणून. जळून झालेल्या गॅसला तो राहत नाही. आणि हिशेब करा, सहा लिटरचा गीझर तासाला एक-सव्वा घनमीटर गॅस जाळतो, 1 घनमीटर गॅसला जळायला साधारण 10 घनमीटर हवा लागते, म्हणजे मुलीच्या वीस मिनिटांत चार घनमीटर हवा गेली. पाच बाय सातचं बाथरूम सात फुटांवर सिलिंग घातलं तर अख्खं मिळून सात घनमीटर भरतं. जुन्या पट्ट्यांच्या खिडकीतून ती हवा येत होती म्हणून सात वर्षं काही झालं नाही, गीझर तोच आहे.

दोन गोष्टी सांगा. गीझरच्या डोक्यावरून जी चंदेरी चिमणी बाहेर जायची ती आता कुठे जाते? आणि गॅसच्या पाइपला त्याने हात लावला होता का?

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे, ऑक्सिमीटरच्या 98 वर मुळीच जाऊ नका. तो फक्त रक्ताचा रंग बघतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच लालभडक दिसतं. हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ताकदीने चिकटतो, त्यामुळे आकडा छान आणि माणूस आडवा असं होऊ शकतं. खरी टेस्ट कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन किती आहे त्याची, तीही लगेच केली तर, कारण साध्या हवेत चार-पाच तासांत प्रमाण निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल येऊन सगळे निश्चिंत होतात. सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे जाच, वय आहे, हृदयावर ताण येतो, आणि तिथे ‘चक्कर येते’ एवढंच सांगू नका, गॅस गीझरचं आवर्जून सांगा, नाहीतर तेही बीपीच मोजत बसतील.

मुलगी आत पडली असती आणि दाराला आतून कडी असती तर काय, हा विचार करा. सध्या कडी नको.

मुलुंडची_सून
कॉक बंद केला. हात थरथरतायत टाइप करताना.

चिमणीचं बघायला नवऱ्याला स्टुलावर चढवला. खालून दिसताना एकदम नीट, चंदेरी पाइप गीझरवरून निघून सिलिंगमध्ये जातो, भोवती गोल रिंग पण बसवलीय शोसाठी. एक पॅनल सरकवून मोबाइलचा टॉर्च मारला तर पाइप वीतभर वर जाऊन संपलाय. तोंड उघडं. समोर स्लॅब. भिंतीत जिथून आधी बाहेर जायचा ते भोक सिमेंटने लिंपलंय, वर बोटांचे ठसे पण आहेत. पॅनलच्या मागच्या बाजूला पाणी साचून पिवळे ओघळ. म्हणजे दोन महिने सगळा धूर आमच्याच डोक्यावर साठत होता.

गॅसचा पिवळा पाइप त्याच्या प्लंबरने टाइल्ससाठी नऊ इंच सरकवला होता, हो. आणि एक विचारायचंय, एक्झॉस्ट फॅन चालूच असायचा की, मग तरी कसं?

पाना_पक्कड
तो फॅन उलट घात करतो. खोली बंद, हवा आत यायला जागा नाही, फॅन बाहेर ओढतोय, मग हवा येणार कुठून तर चिमणीतूनच, म्हणजे चिमणी नीट असती तरी धूर उलटा आत ओढला गेला असता. आत हवा यायला दाराला खालून जाळी पाहिजे आणि धूर जायला वेगळी वाट पाहिजे.

पाइप नऊ इंच सरकवला हे वाचून मला जास्त राग आला. गॅसची लाइन कॉन्ट्रॅक्टरच्या प्लंबरने सोडवायचीच नसते, कंपनीचा अधिकृत माणूस बोलवून टेस्ट करून घ्यायची. तोवर घरच्या घरी एवढं करा, सगळ्या शेगड्या बंद, मीटरचे लाल आकडे फोटो काढून ठेवा, अर्ध्या तासाने परत बघा. आकडा हलला तर मेन कॉक बंद करून लगेच कंपनीला फोन. न हलला तरी जोडावर साबणाचा फेस लावून बघा, काडी पेटवून नाही हं, असले बहाद्दर मी पाहिलेत.

लादीवाला_दादर
मी हीच कामं करतो म्हणून बोलतो, चिमणी बुजवणं ही सरळ हरामखोरी आहे, त्याला माफी नाही. पण खिडकीचं एकदा खरं सांगा, बंद काच कोणी मागितली? दहातले आठ कस्टमर मला म्हणतात कबुतरं येतात, समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं, पॅक करून टाका. आम्ही नाही म्हटलं तर दुसरा करून देतो.

मुलुंडची_सून
कबुतरांमुळे मीच सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू. पण गीझरला हवा लागते हे त्याने सांगायला नको का, मला काय माहीत, मी बँकेत आहे.

स्लाउकर
मी इंग्लंडमध्ये असतो, मूळ गिरगाव. इकडे घरोघरी गॅस बॉयलर, पण हल्लीचे सगळे सीलबंद, हवा बाहेरूनच घेतात आणि धूर बाहेरच सोडतात, खोलीतल्या हवेशी संबंध नाही. तरी कोणालाही हात लावता येत नाही, गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेलाच माणूस लागतो, त्याच्या कार्डामागे कुठली कामं तो करू शकतो ते लिहिलेलं असतं. हे रजिस्टर 2009 पासून आहे. मागच्या वर्षी माझ्याकडे किचन करणाऱ्याने बॉयलरभोवती कपाट ठोकलं, सर्व्हिसवाल्याने बघितलं आणि पहिलं कपाट उघडायला लावलं, नंतर चहा घेतला. भाड्याच्या घरात बॉयलर असेल त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑक्टोबर 2022 पासून घरमालकाला लावावाच लागतो. तुम्हीही एक घ्या.

पाना_पक्कड
अलार्म घ्या पण डबा वाचून घ्या, आपल्याकडे ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा गळती पकडणारा असतो, त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. लोक तो लावून बिनधास्त झोपतात. आणि अलार्म लावला म्हणून गीझर आत ठेवायचा असं नाही, गीझर ड्राय बाल्कनीत न्या, बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप. बाल्कनीला सरकत्या काचा लावून बंद केली असेल तर मात्र पुन्हा तीच कथा.

मुलुंडची_सून
अपडेट देते. मीटर हलला नाही पण कोपऱ्यातल्या जोडावर फेस लावल्यावर बारीक बुडबुडे आले, मोहरीएवढे, कंपनीचा माणूस येऊन तो जोड काढून नवीन करून गेला. सासूबाईंचा ईसीजी ठीक आहे. गीझर ड्राय बाल्कनीत गेला, तिथे फक्त ग्रिल आहे, काचा नाहीत, साफ करून घेतल्यावर ज्योत परत निळी. तोच सात वर्षांचा गीझर. खिडकीला पट्ट्या परत लावल्या, बाहेरून कबुतरांची जाळी. कॉन्ट्रॅक्टरला सिमेंटवरच्या ठशांचा फोटो पाठवला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही, शेवटचे अठरा हजार द्यायचे राहिलेत ते आता कसे मागतो बघते.

सासूबाई म्हणतायत यापेक्षा आमचा तांब्याचा बंब बरा होता.

पाना_पक्कड
आजींना सांगा, बंब परसात पेटवायचे म्हणून बरा होता. कोळशाचा बंब या बाथरूममध्ये पेटवला असता तर दोन महिने लागले नसते.

मुलुंडची_सून
सांगितलं. म्हणाल्या, मग तुमच्या त्या शहाण्याला परस कुठे मिळतं ते विचार मुलुंडात.